झोपला असाल तर एक दाबा

आमच्या सरांना झोपेची फार काळजी. स्वतःच्या नव्हे, स्वतःची ते विभागाच्या बैठकांमध्ये भागवतात. विद्यार्थ्यांच्या झोपेची. आजची पिढी रात्रभर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसते, हे त्यांनी आपल्या तासाला येणाऱ्या जांभयांवरून ओळखलं होतं. त्या जांभयांना आपल्या शिकवण्याचाही थोडा हातभार असेल, ही शंका त्यांच्या मनाला शिवली नाही. त्यांनी थेट संशोधन प्रकल्पच मिळवला: 'समाजमाध्यमे आणि विद्यार्थ्यांची झोप'. मदतनीस म्हणून मला घेतलं, कारण मी मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, माझा प्रबंध त्यांच्याच हाताखाली आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही.

विद्यार्थी रात्री जागे असतात की नाही, हे कळायचं कसं? सरांचं उत्तर सोपं होतं. विचारायचं. रोज रात्री दोनला आणि पहाटे चारला विभागातल्या संगणकावरून प्रत्येकाच्या फोनवर आपोआप मेसेज जायचा: 'आपण झोपला आहात का? झोपला असाल तर १ दाबा. जागे असाल तर २ दाबा.' मजकूर माझा. सरांनी त्यात फक्त 'कृपया' घातलं.

सगळ्या शाखांमधून एकशेवीस जणांनी नावं दिली. झोपेच्या प्रेमापोटी नाही, प्रकल्प पूर्ण केला की अंतर्गत परीक्षेचे दहा गुण मिळणार होते म्हणून. नियम कडक होते. तीन मेसेजना उत्तर आलं नाही की नाव बाद, गुणही बाद. शिवाय सहभागाबद्दल कुणाशीही चर्चा करायची नाही. नावांची यादी सरांच्या कपाटात, कपाटाची किल्ली सरांच्या खिशात, आणि माझ्याकडे नुसते क्रमांक.

पहिल्या दोन आठवड्यांत एकोणनव्वद जण बाद झाले. म्हणजे ज्यांना झोप येत होती ते झोपले आणि कटले. उरले एकतीस. उत्तर आलं म्हणजे जागा, या हिशेबाने सरांनी उरलेल्यांचा तक्ता पाहिला आणि त्यांची छाती फुगली. "बघ, दोन वाजता शंभर टक्के जागे! चार वाजता शंभर टक्के जागे! एवढं भयानक चित्र असेल असं मलाही वाटलं नव्हतं."

फक्त एक बारीकशी अडचण होती. काही जण १ दाबत होते.

"झोपलेला माणूस बटण दाबतो का?" सर म्हणाले. "थापा मारतायत. सगळे एक बदलून दोन कर."

मी केले. संगणकावर अशा कामाला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

आता माझ्या मामेबहिणीबद्दल सांगायला हवं. ती पहिल्या वर्षाला, विज्ञान शाखेत. वसतिगृहात माझ्याच खोलीत राहते, कारण मामाने तिला माझ्या हवाली करताना "तुझ्या भरवशावर सोडतोय" असं दोनदा बजावलं होतं. पोरगी अठराची, पण साडेनऊला अंथरुणात आणि पावणेदहाला ढाराढूर. मजल्यावरच्या मुलींनी तिचं नाव आजीबाई ठेवलं. मामाने तिला स्वतःचा जुना, बटणांचा फोन दिला होता. त्यावरून बोलता येतं, मेसेज करता येतो आणि अंधारात टॉर्च लावता येतो. त्यावरूनही मुली तिची टर उडवायच्या. आजीबाई हसायची आणि झोपायची. मला तिचा हेवा वाटायचा, खरंच सांगते.

गेल्या महिन्याभरात तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. जेवताना पेंगायची. मी म्हटलं, अभ्यास वाढला असेल. जास्त चौकशी केली नाही, कारण मी झोपेच्या संशोधनात गर्क होते.

मग तिची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. वरच्या नळीतून खालच्या चंबूत थेंब थेंब सोडायचा, रंग हलका गुलाबी झाला की तोटी बंद करायची, एवढंच काम. आजीबाईने तोटी उघडली आणि उभ्या उभ्या झोपली. नळी रिकामी झाली, चंबू गर्द जांभळट झाला, आणि बाईंनी खांदा हलवला तेव्हा ही दचकून म्हणाली, "एक."

"काय एक?" बाईंनी विचारलं.

प्रात्यक्षिकात शून्य म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात. विभागप्रमुख त्याच बाई होत्या. त्यांनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. परीक्षेत झोप का लागली, याचं पटण्यासारखं कारण लेखी आणलं तर सोमवारी पुन्हा परीक्षा, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू. आजीबाई खोलीवर आली आणि उशीत तोंड घालून रडायला लागली. कारण विचारलं तर म्हणे, "ताई, सांगायचं नाही असा नियम आहे."

नियम हा शब्द मला ओळखीचा वाटला. मी तिच्या उशीखालून फोन काढला. मेसेज उघडले. 'कृपया आपण झोपला आहात का?' खालीही तेच, त्याच्याही खाली तेच. अडतीस रात्री, शहात्तर मेसेज. प्रत्येकाला उत्तर: १. १. १.

"तू दर वेळी एक दाबलंस?"

"मग काय दाबू? मी झोपलेलेच असते ना! मेसेज येतो तेव्हा जाग येते. दोन दाबलं तर खोटं झालं असतं."

"मग मला ऐकू कसा नाही आला?"

"मी आवाज बंद करून फोन नुसता थरथरण्यावर ठेवला होता. तुझी झोप मोडू नये म्हणून."

माझी झोप! दोन वाजता मी तिच्यापासून हातभर अंतरावर, भिंतीकडे तोंड करून, कानात इअरफोन खुपसून, कुणीतरी अनोळखी माणूस मळके गालिचे धुतो त्याचे व्हिडिओ बघत पडलेली असायचे. एक गालिचा स्वच्छ झाला की दुसरा. आपण काय पाप करतोय हे कळून मला इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. "सर, उरलेल्यांपैकी एकजण माझी मामेबहीण निघाली. क्रमांक सतरा, असं ती म्हणते."

"सतरा?" सरांचा चेहरा उजळला. "एकही मेसेज चुकवला नाही तिने! उत्तम. तिच्यावर वेगळं प्रकरण लिहू." मी परीक्षेचं सांगितल्यावर तर ते आणखी खूश झाले. "पत्र मी देतो ना! समाजमाध्यमांच्या व्यसनामुळे निद्रानाश. समुपदेशनाची शिफारसही करतो."

मी बटणांचा फोन त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "यात समाजमाध्यमं कुठून उघडतात?"

"उघडत नाहीत सर. यात टॉर्च लागतो."

"मग अर्जात 'समाजमाध्यमांवर रोज किती वेळ?' यापुढे तिने 'दोन तासांपेक्षा कमी' कसं लिहिलं?"

"आपण 'अजिबात नाही' असा पर्यायच ठेवला नव्हता."

"मग ही मुलगी रात्रभर जागते तरी कशामुळे?"

"आपल्यामुळे, सर."

सर बराच वेळ टॉर्च लावत आणि बंद करत बसले. मग अगदी मायेने म्हणाले, "हे बघ, एका मुलीमुळे निष्कर्ष बदलत नसतात. आणि तुझा प्रबंध याच वर्षी आहे ना?"

प्रबंध होता. तो रात्रभर माझ्या डोक्यात होता. पण मूळ उत्तरांचा तक्ताही माझ्याकडे होता, एकाचे दोन करण्याआधीचा. सद्गुण म्हणून जपला नव्हता, आळसापायी पुसायचा राहिला होता. शुक्रवारी सकाळी मी तो छापला, सोबत पत्र लिहिलं, खाली सरांच्या नावाऐवजी स्वतःचं नाव घातलं, आणि निघण्याआधी विभागातल्या संगणकावरचे मेसेज बंद केले.

रसायनशास्त्राच्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे तुम्ही झोपलेल्या मुलांना उठवून विचारत होतात, झोपलात का?"

"हो बाई."

"आणि ती खरं बोलली तर ते खोडून टाकत होतात?"

"मी खोडलं, बाई. माझ्या हाताने."

"कमाल आहे तुमच्या शास्त्राची," त्या म्हणाल्या आणि पत्रावर सोमवारची तारीख घातली. "तोपर्यंत तिला झोपू दे."

दुपारपर्यंत प्रकल्पावर नवा मदतनीस आला, आणि माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण 'पुन्हा तपासावं लागेल' असा निरोप. मी रडले नाही, पण चहा गार झाला.

त्या रात्री आजीबाई साडेनऊला झोपली. मीही दिवा मालवला. मला झोप येईना, तेव्हा फोन घेतला, तिची हालचाल कळावी म्हणून इअरफोन न लावता आवाज बंद केला, आणि गालिचे बघत पडले. दोन वाजता बाजूच्या खाटेवर हालचाल झाली. ती उठून बसली होती. तिचा हात उशीखाली चाचपत होता. फोन सापडला. तो थरथरला नव्हता, तरी ती त्याच्याकडे बघत थांबून राहिली.

"झोप गं," मी म्हणाले. "आता नाही येणार."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. बंद केलाय."

"मग काय दाबू?"

"काही दाबू नकोस."

ती आडवी झाली. मग कूस बदलून माझ्याकडे बघू लागली. माझ्या तोंडावर गालिच्याचा उजेड पडला होता.

"ताई," तिने विचारलं, "तू का जागी आहेस?"

मी फोन पालथा टाकला.

"कुठे जागी?" मी म्हणाले. "झोपलेच होते."