डब्याखालचा फोन

रोहिदासने जेवणाची पिशवी गेटवरच्या टेबलावर ठेवली. पिशवीत डब्याखाली फोन होता.

"फोन?" अर्जुनरावांनी विचारलं. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, चाकणजवळच्याच गावचे अर्जुनराव कंपनीची सुरक्षा सांभाळत.

"घरी राहिला."

"बरं, जावा. बस उशिरा आली व्हय?" त्यांनी पिशवी उघडलीही नाही. बावीस वर्षांत या माणसाने कधी खोटं सांगितलं नव्हतं.

परभणीहून आलेला रोहिदास तपासणी विभागात होता. इथे तोफांचे सुटे भाग बनत. तो प्रत्येक भाग मापायचा, ड्रॉइंगशी ताडून बघायचा, मगच शिक्का मारायचा. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी स्वरूपा लग्न होऊन नाशिकला. रहाटणीच्या दोन खोल्यांत तो एकटाच. चार महिन्यांपूर्वी फेसबुकवर दिव्याची ओळख झाली. नागपूरला लहान कारखान्यांवर अभ्यास करते म्हणाली. बीपीची गोळी घेतली का, आज भाजी कसली केली, असं रोज विचारायची. दुसरं कोण विचारणार होतं? परवा तिने एका ड्रॉइंगचा फोटो मागितला. "एकच हो. माझं वर्ष वाचेल."

चहाची सुट्टी झाली, विभाग रिकामा झाला. ड्रॉइंग समोरच पसरलेलं होतं. रोहिदासने फोन काढला, तर तिचा मेसेज आलेला.

"आणला ना आत? गेटवरच्या निळ्या पेटीत नाही ना ठेवला?"

त्याचा अंगठा जागीच थांबला. सगळ्यांचे फोन निळ्या पेटीत जमा होत, हे खरं. पण ते त्याने तिला कधी सांगितलंच नव्हतं. चार महिन्यांचे मेसेज त्याने भराभर वर सरकवत पाहिले. पेटीचा शब्दसुद्धा कुठे नव्हता.

तो तसाच उठला आणि गेटवर जाऊन अर्जुनरावांसमोर फोन ठेवला.

"मी खोटं बोललो, साहेब. फोन आत नेला होता."

त्याने सगळं सांगितलं. अर्जुनराव मान खाली घालून ऐकत होते.

"काय पाठवलं का तिला?"

"नाही पाठवलं. लेकीशपथ."

"मग बसा. पानी प्या आदी."

दुपारी पोलीस आले. फोन घेऊन गेले. ते तीन दिवस रोहिदास घरी बसून होता. आता नोकरी जाणार, पेपरात नाव येणार, स्वरूपाच्या सासरी कळणार, हेच डोक्यात. चौथ्या दिवशी अर्जुनराव स्वतः रहाटणीला आले. दारातूनच म्हणाले, "कायबी गेलेलं न्हाई. खातं खोटं हाय, देशाभायरनं चालवलेलं. फोटो भलत्याच कुना पोरीचा. तुमाला लेखी ताकीद मिळंल, पन नोकरी ऱ्हायली."

रोहिदास पलंगावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. छातीवरचा धोंडा उतरावा तसं झालं. मग त्याने अर्जुनरावांच्याच फोनवरून स्वरूपाला फोन लावला. ती सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "बाबा, मला का नाही हो सांगायचं, एकटं वाटतं म्हणून?" आणि त्याच रात्रीच्या गाडीने निघाली.

"एक काम हाय," जाताना अर्जुनराव म्हणाले होते. "पेटीचं तिला कुनीतरी सांगितलंय. मी दमात घेऊन इचारलं तर कोन बोलनार न्हाई. तुमी बोला."

सोमवारी कँटीनमध्ये साठ-सत्तर माणसं बसली होती. रोहिदास उभा राहिला. त्याने काही लपवलं नाही. गोळीचं सांगितलं, भाजीचं सांगितलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. तो थांबला, हसू विरू दिलं आणि पुढे बोलत राहिला. "मी पार काठावरून परत आलो. कोणी तिथं उभा असेल तर त्यानंही यावं. लाज वाटते, पण मरत नाही माणूस."

सगळे कामावर परतले. वेल्डिंगचा फोरमन ज्ञानेश तेवढा बसून राहिला. पन्नाशीचा, कडक माणूस, पोरं त्याला वचकून असत. तो हळूच जवळ आला.

"भाऊ," तो म्हणाला, "तिनं मला नाव निशिगंधा सांगितलंय."

रोहिदासने काही न विचारता शेजारची खुर्ची ओढली, त्याला बसवलं आणि दोन चहा सांगितले.