पाठीवरचे हुक

सोनूबाईंनी ब्लेडचं टोक टाक्याखाली सरकवलं आणि चेन उसवायला सुरुवात केली. कालच दुपारी बसवलेली चेन. मानेपासून कमरेपर्यंत सरळ, कुठे चुणी नाही की ओढ नाही. आजकाल एवढी सरळ शिवण घालायची तर दोनदा चष्मा पुसावा लागायचा. तरी त्यांनी ती सगळी काढली, गुंडाळून डब्यात टाकली आणि हुकांची पुडी फोडली.

त्यांची सून सोनम वाळलेले कपडे घेऊन दारात उभी होती. तिनं जमिनीवर पडलेले धागे पाहिले.

"चांगली बसलीवती की चेन, आत्ती."

"हुक बरं दिसतील," सोनूबाई म्हणाल्या. मान मात्र वर केली नाही.

गंगावेशीतल्या या पुढच्या खोलीवर 'स्नेहसंमेलनाचे ड्रेस भाड्याने मिळतील' ही पाटी लागून बत्तीस वर्षं झाली होती. मोर, वाघ, झाडं, वांगी-टोमॅटो, मावळे, कोळिणी, सगळी फौज इथून बाहेर पडायची. आता शाळा मोबाइलवरून तयार ड्रेस मागवू लागल्या होत्या. कपाटातले वाघ तीन-चार हिवाळे बाहेर निघाले नव्हते.

अशात पावसाळ्याच्या शेवटी निशिगंधा आली. मूळची बिद्रीची, वारणानगरला कॉलेजात शिकणारी, एकवीस-बावीस वर्षांची पोरगी. तिनं वहीतलं चित्र पुढे ठेवलं. नदीतून वर येणारी एक बाई. अंगावर राखाडी चोळीसारखा घट्ट अंगरखा आणि खांद्यांपासून जमिनीपर्यंत बगळ्याची पिसं.

"भाड्यानं नको आज्जी. शिवून पाहिजे."

"कोण ही?"

"नदीची राखणदारीण. पूर यायच्या आधी गावाला जागं करते. मीच काढली. हिची गोष्ट मी मोबाइलवर टाकते, थोडीथोडी. वाचतात लोकं."

"आणि हे घालून जाणार कुठं?"

मग निशिगंधानं सगळं सांगितलं. पुण्यात जानेवारीत दोन दिवसांचा मेळा भरतो. चित्रकथा, सिनेमे, खेळ यांतल्या पात्रांचं ज्यांना वेड आहे ती माणसं त्या पात्रांचे वेश करून येतात. रविवारी स्टेजवर स्पर्धा असते.

"बारकी पोरं?"

"न्हाय ओ. मोठी माणसं. नोकरीवाली, लग्न झालेली."

सोनूबाईंनी चित्र परत हातात घेतलं आणि ट्यूबलाइटखाली धरून बराच वेळ पाहिलं. मोठी माणसं हौसेनं सोंग घेतात, आणि ते बघायला दुसरी मोठी माणसं येतात, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

काम चार महिने चाललं. चपलांच्या तळव्याला लावतात तो फोम आणून दोघींनी सहाशेच्या वर पिसं कातरली. निशिगंधा शनिवारी यायची, खाली मांडी घालून बसायची आणि पुण्याचं नियोजन वहीत उतरवायची. शनिवारी पहाटे पाचची एसटी. मुक्काम हडपसरला तिच्या मावशीकडे. पिसांचा झगा मोडू नये म्हणून सतरंजीत गुंडाळून मागच्या सीटवर आडवा टाकायचा. रविवारी दहाच्या आत मांडवात पोचायचं. बरोबर येणाऱ्या दोन मैत्रिणींनी ऐनवेळी अंग काढून घेतलं, तेव्हा तिनं ती नावं खोडली आणि पुढचं पान उलटलं.

"एकटी जाणार?" सोनूबाईंनी विचारलं.

"जाणार की. आता थांबत नसते मी."

त्या दिवसापासून सोनूबाईंच्या मनात एक गोष्ट घर करून बसली. बत्तीस वर्षांत हजारो ड्रेस त्यांच्या हातून गेले, पण अंगावर चढून, दिव्यांच्या उजेडात, टाळ्यांमध्ये उभा राहिलेला एकही ड्रेस त्यांनी पाहिला नव्हता. संमेलनांचे दिवस म्हणजे दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. ड्रेस घडी घालून जायचे आणि घामेजलेले, भेळेचे डाग घेऊन परत यायचे. मधलं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी चेन उसवली आणि पाठीवर अठ्ठेचाळीस हुक लावले.

"हे तुला एकटीला लागायचं न्हाईत," पुढच्या शनिवारी त्यांनी निशिगंधाला सांगितलं. "मावशीलाबी जमायचं न्हाय. मलाच यायला पायजे."

निशिगंधानं आनंदानं वहीत लिहिलं : आज्जी.

घरात मात्र सोनूबाई बोलल्या नाहीत. आज सांगू, उद्या सांगू करत जायचा आठवडा उजाडला. गुरुवारी संध्याकाळी शेवटचं माप बघायचं होतं. खोलीच्या मधोमध निशिगंधा पिसं लेवून उभी होती. तिच्या पाठीमागे स्टुलावर बसून सोनूबाई हुक लावत होत्या, आणि तेवढ्यात त्यांचा मुलगा जोतीराम कारखान्यातली पाळी संपवून आला. शिरोलीच्या फौंड्रीत तो साच्यांवर काम करायचा. दारातच त्यानं समोरचा अवतार पाहिला आणि डबा हातात तसाच धरून थांबला.

"पावणी म्हणायची का पाखरू?"

निशिगंधा हसली. "परवा पहाटे निघतोय दादा, आज्जी आणि मी. पुण्याला."

जोतीरामनं डबा खाली ठेवला. "कोण आज्जी?"

सोनूबाईंचे हात थांबले नाहीत. सातवा हुक, आठवा हुक.

"आई, गुडघा बघ तुझा. साखर बघ. सहा तास एसटीत बसणार? आणि तिथं जाऊन तू करणार काय?"

"हुक लावणार."

"हुक लावायला पुण्याला?"

निशिगंधा अवघडली. मान वळवायची सोय नव्हती, म्हणून ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "आज्जी, दादांचं पण बरोबर हाय. आपण चेन लावूया का? अजून एक दिवस हाय हातात. मग तुम्हाला तरास नको. माझं मी बघते."

पोरीनं सुटकेचा रस्ता दाखवला होता. सोनम आतल्या दारात येऊन उभी होती. तिनं सासूकडे पाहिलं आणि पटकन म्हणाली, "चेन न्हाय बसत त्या कापडाला. मी बघितलंय."

सोनूबाईंनी सुनेकडे पाहिलं. बारावा हुक बोटांत धरून त्या क्षणभर थांबल्या.

"बसती," त्या म्हणाल्या. "बसवलीवती मी. मीच काढली."

"का?" जोतीरामनं विचारलं.

"मला जायचंय. बघायचंय मला एकदा, अंगात घालून माणूस स्टेजवर कसं दिसतं ते. हुक हायत म्हणून न्हवं. चेन असती तरी जाणार व्हते."

इतक्या वर्षांत 'मला जायचंय' हे शब्द या घरात त्यांच्या तोंडून आले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांच्या गालांवर ऊन चढल्यासारखं झालं. पण त्यांनी नजर खाली घातली नाही.

जोतीराम भिंतीला टेकून खाली बसला. बोटांच्या पेरांत साच्याची काळी वाळू अडकली होती, ती तो अंगठ्यानं काढत राहिला.

"माझ्या गॅदरिंगला न्हाय आलीस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तिसरीत. मोर व्हतो मी."

सोनूबाईंना मोर आठवला. निळ्या सॅटिनचा, पहिल्या वर्षी शिवलेला, नंतर कितीतरी पोरांच्या अंगावर गेलेला. त्यात आपला पोरगाही एकदा होता, हे त्यांना आठवणीत शोधावं लागलं. त्या दिवशी दारात रांग होती. दोन शाळांचं संमेलन एकाच तारखेला आलं होतं, आणि संध्याकाळी पोरगं परत आलं तेव्हा त्या डाग धूत बसल्या होत्या.

"न्हाय आले," त्या म्हणाल्या. सबब सांगायला जीभ वळली नाही. मग त्यांनी विचारलं, "कसा दिसत व्हतास?"

जोतीरामनं वर पाहिलं. हा प्रश्न येईल असं त्याला वाटलं नसावं.

"पिसारा डावीकडं कलला व्हता. बाईंनी बांधलावता. नाचताना लई गच्च धराय लागला."

"आणि नाचलास?"

"नाचलो की. पहिला नंबर आलावता."

"मला सांगितलं न्हाईस."

"रांग व्हती तुझ्याफुडं."

निशिगंधा श्वास रोखून उभी होती, आणि तिच्या खांद्यावरची पिसं तरीही बारीक थरथरत होती. सोनूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पुढचा हुक शोधला आणि लावला. मग त्याच्या खालचा. हात थांबले तर पुन्हा उचलायचे नाहीत, असं त्यांना वाटत होतं.

शेवटचा हुक लागला तेव्हा त्या स्टुलाला धरून उठल्या, पुढे गेल्या आणि पोरीकडे समोरून पाहिलं. खांद्यावरचं एक पीस उलटलं होतं, ते सरळ केलं.

जोतीराम उठला. डबा उचलून सोनमच्या हातात दिला.

"गाडी पाचचीच?"

"पाचची," निशिगंधा म्हणाली.

"त्या वक्ताला रिक्षा मिळत न्हाय. मी सोडतो स्टँडवर." तो आत जायला निघाला आणि उंबऱ्यावर थांबला. आईकडे न बघताच म्हणाला, "हिला तयार करून झालं की तू मागं थांबू नको. लगीच फुडच्या रांगेत जाऊन बस. मागं बसलेलं माणूस स्टेजवरनं दिसत न्हाय."