टेपचं आतलं टोक

आमच्या सांडसवाडीत मोजणीची टेप दिसली की कुत्री गप्प बसायची आणि माणसं भुंकायची. कुत्र्यांच्या नावावर जमीन नव्हती.

बासष्ट सालापासून पिंपरी-चिंचवडच्या बाजूनं कारखान्यांच्या भिंती आमच्या दिशेला सरकत होत्या. प्रत्येक भिंतीच्या आधी तिथून एक टेपवाला चालत गेलेला असतो, असा गावाचा अभ्यास होता. आधी टेप, मग खुंटी, मग नोटीस, मग भोंगा. यावर गावानं दोन उपाय काढले होते. टेप दिसली की रातोरात झाडं लावायची, कारण भरपाईच्या पंचनाम्यात झाडं धरतात. आणि कुणी काहीही विचारलं तरी ‘न्हाई’ म्हणायचं. हा दुसरा उपाय इतका अंगी मुरला होता, की जनगणनेवाला येऊन गेला तेव्हा त्याच्या कागदावर गाव निम्मं ओसाड निघालं. उरलेल्या निम्म्या गावातल्या लोकांना आपलं वय माहीत नव्हतं.

अशा गावात अठ्ठ्याहत्तर साली दिवाळीच्या आधी भीमराज टेप घेऊन उभा राहिला.

भीमराज परका नव्हता, हीच पंचाईत होती. परका असता तर हाकलून देता आला असता. हा कोंडीरामचा मुलगा, ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतला. बाप पिंपरीच्या एका कंपनीत पॅकिंगला. पोरगा पुण्याच्या कॉलेजात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षेसाठी एक अख्खं गाव मोजून त्याचं छोटं मॉडेल करायचं होतं. बाकीच्या मुलांनी वाई, सासवड अशी देखणी गावं घेतली. भीमराजनं आपलंच घेतलं, कारण तिथं जायला एसटीचं तिकीट लागत नव्हतं.

कोंडीरामनं त्याला स्वच्छ सांगितलं होतं, “मॉडेल पास झालं तर तू साहेब. न्हाई झालं तर जूनपासनं माज्या शेजारी खोकी बांधायला. पर्सनलच्या साहेबाला शब्द दिऊन ठिवलाय. हेल्परची जागा हाय.”

“बाबा, नापासच होईन असं कशाला धरताय?”

“म्या काय बी धरत न्हाई. जागा धरून ठिवलीय.”

तेव्हा भीमराजची लढाई जूनशी होती. गावाला मात्र ती आपल्याशी आहे असं वाटलं.

त्यानं सुरुवात सोपानरावांच्या घरापासून केली. सोपानराव म्हणजे माजी सरपंच. माजी हा शब्द ते स्वतः उच्चारत नसत, आणि दुसऱ्यानं उच्चारला तर त्याच्याकडे बराच वेळ बघत. भीमराजनं दारात उभं राहून कॉलेजचं पत्र वाचून दाखवलं. सोपानरावांनी ते उलटं करून मागची कोरी बाजू तपासली. खरा मजकूर नेहमी मागं असतो, असा त्यांचा अनुभव.

“मॉडेल म्हंजी?”

“खेळण्यातलं असतं तसं, आप्पा. पुठ्ठ्याचं गाव. घर तळहातावर मावेल एवढं.”

“आणि खरं घर कुठं मावायचं मग?”

“ते जागेवरच राहणार.”

“हे लिहून देतो का?”

भीमराजनं लिहून दिलं. त्यामुळे संशय आणखी वाढला. सरळ माणूस इतक्या चटकन लिहून देत नाही.

बाहेरची मापं झाली. आतली घ्यायची म्हटल्यावर शालनबाई, म्हणजे सोपानरावांच्या मंडळी, उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या राहिल्या. ओढ्यापलीकडचं माणूस उंबऱ्याच्या आत आल्याचं गावाच्या आठवणीत नव्हतं, आणि ते आपल्या घरापासून सुरू व्हावं अशी त्यांची हौस नव्हती. भीमराजला हे सगळं न बोलता कळलं. वीस वर्षं तो हेच कळून घेत आला होता.

सोपानराव मुरब्बी. ते म्हणाले, “पोरा, ऊन लई हाय. तू भाईरच थांब सावलीला. टेप आत जाऊ दे.”

टेप कापडी होती, चामडी डबीतून निघायची. टेपला जात नव्हती. भीमराज डबी धरून उंबऱ्याबाहेर थांबला आणि टेपचं टोक घेऊन माजी सरपंच जातीनं आत गेले. पार मागच्या भिंतीला पाठ लावून ओरडले, “हां, वाच!”

ही पद्धत सगळ्या गावानं उचलली. सोपानरावांचे चुलतभाऊ भिमाजी, देवळामागचे धोंडीबा, सगळ्यांनी आपापल्या घरात टेपचं आतलं टोक स्वतःच्या हातानं धरलं. भीमराजला मदतनीस लागणार होता. सबंध गाव फुकटात मिळालं.

पण मापं संपली तशी गावात चर्चा सुरू झाली. पारावर भिमाजी म्हणाले, “पोरगं हुशार हाय, पन त्याच्या मागं कोन हाय?”

“कॉलेज हाय म्हनं.”

“कॉलेजला आपल्या मोरीची लांबी कशाला लागती?”

त्याच आठवड्यात सोपानरावांच्या गोठ्यामागं आंब्याची बाग उगवली. भिमाजींनी चिक्कू लावले. धोंडीबानं एक विहीर सुरू केली आणि गुडघाभर खोल गेल्यावर तिच्यावर रहाट बसवला. मी त्या वेळी गावच्या शाळेत मास्तर. माझ्या नावावर वीतभर जमीन नव्हती, तरी कुंडीतला कढीपत्ता मी अंगणात उतरवला. सगळं गाव सावध असताना आपण एकट्यानं निर्धास्त बसणं बरं दिसत नाही.

इकडे भीमराज घरी मॉडेल करत होता. कोंडीराम कंपनीतून फुटकी खोकी आणायचा. त्यातला नागमोडी पुठ्ठा सोलला की पत्र्याची छपरं होत. वासे आगपेटीच्या काड्यांचे. झाडं वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची, हिरव्या रंगात बुचकळून. त्याची आई चिमाबाई तेवढ्यासाठी घोसाळी वेलावर वाळू द्यायची आणि भाजी करायची नाही, यावरून कोंडीरामची रोज कुरकुर.

भीमराज पडला प्रामाणिक. दर रविवारी तो गावातून चक्कर मारायचा, नवी झाडं बघायचा, आणि घरी येऊन मॉडेलवर लावायचा. गावात झाडं लागली की चिमाबाईच्या घोसाळ्याला कात्री लागायची.

मग लोक मॉडेल बघायला येऊ लागले. ओढा ओलांडून कधी न आलेले लोक ओढा ओलांडून आले. आत कुणी गेलं नाही, दारातूनच वाकून बघायचे. भिंती पांढऱ्या होत्या, कारण कॉलेजात मॉडेल पांढरंच करायची रीत. गावाला ती रीत ठाऊक नव्हती.

“पांढरी म्हंजी पाडायची,” भिमाजी म्हणाले. “मार्किंग हाय ते.”

“काका, सगळीच पांढरी आहेत.”

“मंग सगळीच पाडायची!”

सोपानरावांचं लक्ष दुसरीकडे होतं. त्यांनी बोटांनी दोन छपरं मापली, आपलं आणि भिमाजीचं. बराच वेळ मापली. मग समाधानानं मान हलवली. त्यांचं घर करंगळीच्या नखाएवढं जास्त लांब होतं. पाडलं असतं तरी सगळ्यात मोठं त्यांचंच पडलं असतं.

मार्चात भीमराजनं मॉडेलचे फोटो आणि नकाशे कॉलेजात नेले. त्याचे गद्रे सर जाड भिंगाचे, मोजक्या शब्दांचे. त्यांनी दिवाळीतला नकाशा आणि आताचा फोटो शेजारी ठेवले.

“भीमराज, दिवाळीत इथं माळ होता.”

“हो सर.”

“आता आमराई आहे.”

“हो सर.”

“चार महिन्यांत?”

“गाव वाढतंय, सर.”

गद्रे सरांनी चष्मा काढून पुसला. “मुलं घरी बसून मापं ठोकतात, हे मी दरवर्षी बघतो. पण झाडंसुद्धा ठोकणारा तू पहिला. मी रविवारी येतो. घरं मोजली आहेस असं तुझ्या गावानं सांगितलं तर मॉडेल परीक्षेला जाईल. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी म्हणजे काय, ते भीमराजला माहीत होतं. पुढच्या वर्षी म्हणजे खोकी.

रविवारी गद्रे सर स्कूटरवरून आले. खांद्याला झोळी, झोळीतून नकाशांची गुंडाळी बाहेर डोकावतेय. गावानं गुंडाळी बघितली आणि गाव ओळखून चुकलं. हाच तो मागचा माणूस.

सर पहिल्यांदा आमराईत गेले. त्यांनी एका आंब्याला हात लावला आणि आंबा त्यांच्या हातात आला. खाली मूळ नव्हतं. फांदी होती, जुनी वाळली म्हणून परवाच नवी खोचलेली. शेजारची ओढली, तीही आली. सोपानराव लांबून म्हणाले, “कलमं हायेत सायेब. नाजूक जात.”

सर हसले नाहीत, पण फांदी त्यांनी परत होती त्या भोकात नीट खोचली. झाडं पोरानं नव्हे, गावानं ठोकली होती. झाडांचा प्रश्न मिटला. घरांचा उरला. मॉडेल एव्हाना पारावर आणून ठेवलं होतं आणि सगळं गाव त्याच्याभोवती, पण त्याच्याशी आपला काही संबंध नाही अशा बेतानं उभं होतं.

सरांनी भिमाजींना विचारलं, “या मुलानं तुमचं घर मोजलं?”

“न्हाई.”

“टेप घेऊन आला होता?”

“कसली टेप?”

धोंडीबाला विचारलं. “आमी तवा रानात हुतो.”

“तवा म्हणजे कधी? मी अजून तारीख सांगितली नाही.”

“कवा बी. आमी रानातच असतो.”

सोपानरावांनी तर कमाल केली. भीमराजकडे निरखून बघत ते म्हणाले, “कोंडीरामचं पोरगं न्हवं का हे? लई दिसांनी बघितलं.”

गद्रे सरांनी नकाशांची गुंडाळी झोळीत घातली. कोंडीराम मागं उभा होता, शिफ्ट बुडवून आलेला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून परत घातली. भीमराज गावाकडे बघत होता. रागानं नाही. पुढचं माप कुठून धरायचं, असं बघत होता.

“सर,” तो एकदम म्हणाला, “बरोबर आहे यांचं. मी अंदाजानंच केलं.”

“म्हणजे कबूल?”

“कबूल. आणि अंदाज चुकलाच माझा. हे सोपानआप्पांचं घर मी उगाच मोठं दाखवलंय. खरं तर भिमाजीकाकांचंच मोठं आहे. आप्पांचं आतून अठरा फूट असेल नसेल.”

भिमाजी नकळत ताठ झाले.

“अठरा?” सोपानराव म्हणाले.

“जास्तीत जास्त, आप्पा.”

“अठरा फूट माजा गोठा हाय!”

“तुम्हाला कसं माहीत? कुणी मोजलंच नाही ना.”

“मोजलं न्हाई? अरं सव्वीस फूट भरलं तवा! सव्वीस आणि वर चार इंच! डबी तुज्याकडं हुती, उंबऱ्याभाईर! आतलं टोक म्या धरलं हुतं, ह्या हातानं!” त्यांनी हात सरांच्या चष्म्यापर्यंत नेला. “ही शालन साक्षीला हाय. इचारा तिला!”

शालनबाई गर्दीच्या मागून म्हणाल्या, “व्हय. फडताळ सरकवायला लागलं हुतं.”

भिमाजींना हे कसं सोसावं? “सायेब, टोक त्यानं वाकडं धरलेलं असनार! माजं म्या सरळ धरलं हुतं, पंचवीस भरलं!” धोंडीबा रानातून परत आला आणि त्यानंही आपलं माप सांगितलं. मग सगळेच सांगू लागले. सर खिशातून पेन्सिल काढून मॉडेलवरच्या एकेका घराशी ताडून बघत होते आणि प्रत्येक आकडा जुळत होता. शेवटी त्यांनी विचारलं, “पण सगळीकडे आतलं टोक मालकांनीच का धरलं? हा आत का गेला नाही?”

आता पुन्हा गावाला काही आठवेना.

“ऊन लई हुतं,” सोपानराव म्हणाले.

सरांनी भीमराजकडे बघितलं. भीमराज मॉडेलवरची धूळ फुंकत होता. जाताना सर म्हणाले, “मॉडेल बसनं आणू नकोस, छपरं निघतील. टेम्पो कर. पैसे मी देतो.”

मेअखेर निकाल लागला. भीमराज पहिल्या वर्गात पास झाला. कोंडीरामनं पर्सनलच्या साहेबाला जागा नको म्हणून सांगितलं, आणि मग सबंध शिफ्टभर ती आठवून आठवून हळहळला. चांगली जागा होती.

भीमराज पेढे घेऊन सोपानरावांच्या दारात गेला. त्यांनी पेढा उलटा करून बघितला.

“सही कुठं करायची?”

“सही नाही आप्पा. नुसता खायचा.”

त्यांनी अर्धा खाल्ला, अर्धा पुराव्याला ठेवला. मग आवाज उतरवून म्हणाले, “खरं सांग आता. नोटीस कवा?”

“नोटीस नाही हो.”

“बरं. तसं असंल तर मागं एक खोली काढायची म्हन्तो. भिमाजी पंचवीस पंचवीस करत फिरतोय. टेप हाय का जवळ?”

होती. भीमराजनं डबी काढली आणि नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर थांबला. टोक पुढं केलं.

“धरा आप्पा.”

सोपानरावांनी टोक घेतलं नाही. त्यांनी आधी रस्त्याच्या वरच्या अंगाला बघितलं, मग खालच्या अंगाला. मग भिमाजीच्या खिडकीकडे बघितलं.

“खोली तू काढनार, तर माप तूच घे,” ते म्हणाले. “जा आत. डबी हिकडं दे. म्या हितं भाईर थांबतो, कुनी बगतंय का ते बगतो.”