पडद्याकडे पाठ

तिने उजव्या तळहातावर फुंकर मारली, हात कमरेला पुसला, हनुवटी वर करून गज उचलला, आणि नेमका तेव्हाच हॉलभर हशा पिकला.

गज अजून तारेला लागलाही नव्हता. सूर चुकला असता तर गोष्ट वेगळी; इथे वाजवायच्या आधीच पोरं हसत होती. तिने मन घट्ट करून पहिला स्वर ओढला. व्हायोलिनच्या घराण्यातल्या त्या सर्वांत थोरल्या, माणसाहून उंच डबल बेसचा खोल, घोगरा आवाज खुर्च्यांखालून पसरत गेला आणि हॉल गप्प झाला. पण लागायचं ते मनाला लागून गेलं होतं.

पडदा तिच्या पाठीमागे होता. सगळा वाद्यवृंदच पडद्याकडे पाठ करून बसायचा. कार्टून दिसायचं ते समोर उभ्या असलेल्या संचालकांना आणि खुर्च्यांतल्या मुलांना. गोष्ट तिला ऐकून माहीत होती. जंगलातल्या झऱ्याच्या तोंडावर दगड येऊन पडतो. माकड युक्त्या लढवतं, कोल्हा भाषण ठोकतो, दगड ढिम्म हलत नाही. मग म्हातारं अस्वल येतं आणि गुपचूप ढकलायला लागतं. चित्रपटाला स्वतःचा आवाज नव्हता. प्राणी बोलायचे ते वाद्यांतून. माकड म्हणजे बासरी, कोल्हा म्हणजे व्हायोलिन आणि अस्वल म्हणजे ती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुरांना खालून टेकू दिल्यावर तिच्या वाद्याला पहिल्यांदाच पुढे यायला मिळालं होतं. अस्वल तीनदा दगडाला भिडायचं, आणि प्रत्येक वेळी, प्रत्येक खेळात, ती गज उचलायला गेली की पोरं खिदळायची.

आज तर प्रेक्षकांत बाबा बसले होते.

बाबा सुतार. तिने हे धूड पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर टिचकी मारून पाहिली होती. "लाकूड चांगलं आहे. एवढ्यात एक कपाट झालं असतं." पुढे ते दोन-चार कार्यक्रमांना आलेही, आणि दर वेळी "त्यात तुझा आवाज कुठला ते काही कळेना बघ," म्हणत घरी गेले. आज कळला असता. त्यासाठीच तिने त्यांना हट्टाने आणलं होतं, आणि त्यांच्यादेखत ही शोभा झाली.

सकाळचा खेळ संपला तशी ती तडक संचालकांच्या खोलीत गेली. ते चहात साखर ढवळत होते.

"सर, दुपारी अस्वल दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"का? बेसताई, इतकं सुरेख वाजवता तुम्ही."

"मुलं हसतात मला. एवढ्या मोठ्या वाद्यामागे बुटकी दिसत असेन, काय असेल ते असो. एरवी सोसलं. पण आज माझे वडील आलेत."

संचालकांचा चमचा थांबला. "तुम्ही चित्रपट पाहिलाच नाही?"

"कधी पाहणार? पाठ असते माझी."

ते काही बोलणार तेवढ्यात दार ढकलून बाबाच आत आले. ना नमस्कार, ना चमत्कार. मधोमध उभं राहून त्यांनी तळहातावर फुंकर मारली, हात कमरेला पुसला, हनुवटी वर केली आणि हवेतच रंधा मारल्यासारखे दोन्ही हात पुढे रेटले.

"हे त्यांना कुणी सांगितलं?"

"काय, बाबा?"

"ते अस्वल! दगडाला हात लावायच्या आधी अस्संच करतं. रंधा धरण्याआधी मी जन्मभर हेच करत आलो. या सिनेमावाल्यांनी मला कुठे पाहिलं?"

"तुम्हाला नाही, यांना पाहिलं," संचालक म्हणाले. "चित्रकार बाई तालमीला येऊन कोपऱ्यात बसायच्या ना? अस्वल त्यांनी बेसताईंवरूनच काढलं. वर ते फुंकर मारतं, खाली या मारतात, अगदी एकाच वेळी. मुलं त्याला हसतात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

तिने आपल्या तळहाताकडे पाहिलं. आपण असं काही करतो हे तिच्या कधी लक्षातही आलं नव्हतं. लहानपणी बाबांच्या पायाशी, लाकडाच्या भुशात खेळताना कधीतरी ते अंगात उतरलं असणार.

बाबा तिच्याकडे वळले.

"आणि तो आवाज? दगड हलतो तेव्हाचा?"

"माझा."

"एकटीचा?"

"एकटीचा."

त्यांनी मान डोलावली. "बरं. आता कपाटाचं नाव काढणार नाही."

संचालकांनी चहा पुढे केलेला तिला दिसलाच नाही.

दुपारच्या खेळाला बाबा पहिल्या रांगेत येऊन बसले. शेजारच्या पोरांना ते काहीतरी सांगत होते, आणि त्यांचं बोट पडद्याकडे नव्हतं, तिच्याकडे होतं. माकड थकलं, कोल्हा थकला. समोरचे चेहरे उजळले तसं मागे अस्वल आल्याचं तिला कळलं.

तिने तळहात तोंडाशी नेला. पहिल्या रांगेत बाबांनीही नेला. त्यांच्याकडे बघून शेजारच्या पोरांनी नेला, मग मागच्या रांगेने. हॉलभर फुंकरा सुटल्या, हात कमरेला पुसले गेले, हनुवट्या वर झाल्या.

तिने गज तारेला लावला आणि सगळ्यांसकट दगड ढकलायला लागली.