खळ किती सुकू द्यायची

सरकार माणसाकडे कर मागतं, अंगठा मागतं, आधार कार्डाची झेरॉक्स मागतं, हे चामराजपेटेतल्या योगीराज अण्णांना ठाऊक होतं. पण सरकार इतका बारीक प्रश्न विचारेल असं त्यांना साठ वर्षांत वाटलं नव्हतं.

चामड्यावर नक्षी छापायच्या रीतीसाठी त्यांनी सहा वर्षांपूर्वी पेटंटचा अर्ज केला होता. तपासणी करणाऱ्यांनी आक्षेपांची मोठी यादी पाठवली. अण्णांची पेटंट एजंट शुभदा, मूळची पुण्याची, बसवनगुडीत ऑफिस थाटलेली हुशार मुलगी. तिने एकेक आक्षेप उत्तर देऊन मिटवला. एकच उरला, आणि त्यासाठी आता सुनावणी लागली होती. अर्जात लिहिलं होतं, चामड्यावर चिंचोक्याच्या खळीचा थर द्यावा, तो योग्य तितका सुकू द्यावा, मग ठसा मारावा. ऑफिसचं म्हणणं एवढंच, की योग्य तितका म्हणजे किती? या कामातल्या दुसऱ्या माणसाला अर्ज वाचून तसंच करता आलं पाहिजे, नाहीतर पेटंट कशाबद्दल द्यायचं?

"अण्णा, सिंपल आहे," शुभदा फोनवर म्हणाली. "तुम्ही किती वेळ सुकवता तेवढं मला सांगा."

"सांगतो की अक्का. स्वल्प टाइम द्या," अण्णा आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसले. कारण त्यांना ते माहीत नव्हतं.

माहीत होतं ते पवित्राला. पवित्रा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी.

योगीराज अण्णांच्या घरात तीन पिढ्या कापडावर ठसे मारायचं काम. लाकडी ठशांनी फळी भरलेली आणि हात कोपरापर्यंत रंगलेले. गिरण्यांच्या छापील कापडाने ते काम हळूहळू खाऊन टाकलं, तेव्हा बावीस वर्षांच्या पवित्राने कुठूनसे शेळीच्या चामड्याचे तुकडे आणले. अण्णांनी पंधरा दिवस नाक मुरडलं. मग चामड्याने त्यांचं नाक मुरडलं, कारण रंग त्यावर ठरेना. कापडावर जी पाकळी तांदळाएवढी उमटायची, ती चामड्यावर पसरून नुसता डाग व्हायची. पवित्रा हटली नाही. घरात कापडासाठी चिंचोक्याची खळ शिजतच असे, ती तिने चामड्यावर लावून पाहिली. कधी पातळ, कधी घट्ट, कधी ओली, कधी वाळलेली. सात महिने लागले. एका दुपारी तिने अण्णांपुढे एक तुकडा ठेवला आणि म्हणाली, "हं, आता मारा." अण्णांनी ठसा मारला. ओल्या फडक्याने खळ पुसून काढली, तर खाली पाकळीची कड जशीच्या तशी उभी होती.

तेव्हापासून तशीच पद्धत पडली. खळ लावायची पवित्राने, ठसा मारायचा अण्णांनी, आणि मधे तिने म्हणायचं, "हं, आता."

कुणा शहाण्याने सांगितलं, बाजारात नेण्याआधी पेटंट करा. बापलेक बसवनगुडीला गेली. शुभदाने फॉर्म उघडून विचारलं, "इन्व्हेंटर कोण? नाव सांगा." अण्णांनी आपलं नाव सांगितलं.

याला कुणी कावा म्हणेल. पण कावा करायला डोकं लागतं, आणि अण्णांनी त्या दिवशी ते वापरलंच नव्हतं. दुकानाची पाटी त्यांच्या नावावर, लाइट बिल त्यांच्या नावावर, गॅसचं कार्ड त्यांच्या नावावर. नाव विचारलं की आपलं सांगायचं, एवढीच सवय. शेजारच्या खुर्चीत पवित्रा मांडीवर प्रयोगांची वही घेऊन बसली होती. शुभदाने ती वही मागून घेतली, आकडे उतरवून घेतले आणि परत दिली. पवित्रा काही बोलली नाही. रिक्षातही बोलली नाही. आणि चार महिन्यांनी होसकोटेच्या एका पिशव्यांच्या कारखान्यात नोकरी धरून तिकडेच राहायला गेली.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. पवित्रा युगादीला यायची, दसऱ्याला यायची, दोन तास बसायची, आपला पेला आपण विसळून ठेवायची आणि साडेपाचची बस धरायची. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी वागणाऱ्या मुलीला काय म्हणायचं, हे अण्णांना कळत नसे. ते विचारायचे, "बस मिळते ना?" ती म्हणायची, "मिळते अण्णा." एवढ्यावर सण उरकायचा.

रोज संध्याकाळी मात्र आईला तिचा फोन येई. कृष्णाबाई स्वयंपाकघरात बोलायच्या आणि अण्णा बाहेर टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघायचे. बिनआवाजाच्या बातम्या इतक्या मन लावून बघणारा माणूस अख्ख्या चामराजपेटेत दुसरा नसेल. फोन संपला की ते आवाज वाढवायचे आणि कृष्णाबाई मुद्दामच काही सांगायच्या नाहीत.

अण्णांच्या मनात एक बेत होता. पेटंट मिळालं की शिक्क्याचा कागद चौकटीत लावायचा आणि पवित्राला आपण होऊन फोन करायचा. म्हणायचं, "पवित्रा, आपल्याला पेटंट मिळालं." त्यातला 'आपल्याला' हा शब्द त्यांनी आंघोळ करताना पुष्कळदा म्हणून पाहिला होता. तेवढ्याने ती परत येईल, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि आता तो कागदच अडकून बसला होता.

आठ दिवस त्यांनी स्वतः खटपट केली. दहा मिनिटं सुकवलं तर रंग फुटला, तासभर सुकवलं तर रंगाचे पोपडे आले. वीस मिनिटांवर एक तुकडा उत्तम उतरला. दुसऱ्या दिवशी ढग आले आणि त्याच वीस मिनिटांत सगळं बिघडलं. मग ते हातात ठसा घेऊन नुसतेच उभे राहिले. त्यांच्या लक्षात आलं, आपण महिनोन् महिने तिच्या 'हं, आता'ची वाट बघत ठसे मारले, ती काय बघून म्हणते हे एकदाही मान वळवून पाहिलं नाही. आणि मग ठशाबिशाचं सगळं बाजूला राहून त्यांना नुसता तो आवाज ऐकावासा वाटला.

"तिला विचारा की," कृष्णाबाई दारातून म्हणाल्या.

"मी बाप आहे तिचा."

"म्हणून तर म्हणते. मी काय शेजाऱ्याला विचारा म्हणाले?" त्या आत वळल्या. "सुंभ जळेल, पीळ काही जळायचा नाही."

सुनावणी शुभदाच्या ऑफिसातच, कॉम्प्युटरवर होती. पडद्यावर चेन्नईहून एक पोक्त बाई दिसत होत्या, त्याच निकाल देणाऱ्या कंट्रोलर. शुभदाने आधीच पढवून ठेवलं होतं, "विचारलं तर वीस ते तीस मिनिटं म्हणा. बाकी मी हॅन्डल करते." तिने इंग्रजीत दहा मिनिटं छान किल्ला लढवला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इन्व्हेंटर बैठे हैं ना साथ में? उन्हीं से पूछते हैं. आपने खोजा है, आप बताइए. कितना सुखाना है?"

अण्णांनी तोंड उघडलं. वीस ते तीस, एवढंच म्हणायचं होतं. पण 'आपने खोजा है' हे कुणी तोंडावर म्हटलेलं त्यांनी सहा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं, आणि ते त्यांना ऐकवेना.

"मेरेको नहीं मालूम मॅडम," ते म्हणाले. "मेरी बेटी को मालूम है. उसीने ढूंढा. मैं खाली ठप्पा मारता था."

शुभदाचा हात आवाज बंद करायच्या बटणाकडे गेला, पण उशीर झाला होता.

बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, तसं असेल तर मुलीचं नाव घालायचा वेगळा अर्ज करा, तिच्या सहीने. लेखी उत्तराला पंधरा दिवस. आणि सुकवण्याचं उत्तर मूळ अर्जात जे आहे त्यातूनच यायला हवं, आता नवीन काही घालता येणार नाही.

पडदा काळा झाल्यावर शुभदाने कपाळाला हात लावला. "अण्णा, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात. मूळ अर्जात नाहीये ते, म्हणून तर ऑब्जेक्शन आलं ना! आता नाव बदललं तरी पेटंट मिळेल असं मला वाटत नाही."

"सरी, चालेल," अण्णा म्हणाले. "तो नावाचा फॉर्म तेवढा द्या."

मंगळवारी ते मार्केटहून बस धरून होसकोटेला गेले. कारखान्याचं नाव ऐकून माहीत होतं. जेवणाच्या सुट्टीत माणसं बाहेर पडू लागली तसे ते फाटकाशी टाचा उंचावून उभे राहिले. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई समोरून आली आणि त्यांना दोन पावलं कळलंच नाही की ही आपली पवित्रा. तिच्या कानामागे पांढरे केस आले होते. सणाच्या दोन तासांत ते कधी दिसले नव्हते.

"अण्णा?" ती घाबरलीच. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. स्वल्प काम होतं."

चहाच्या टपरीवरच्या बाकावर दोघं बसली. अण्णांनी पिशवीतून फॉर्म काढून तिच्या हातात दिला. ती वाचू लागली. इन्व्हेंटरच्या रकान्यात तिचं नाव छापलेलं होतं.

"सुनावणी झाली," अण्णा म्हणाले.

"माहीत आहे. गेल्या गुरुवारी." तिने कागदावरून नजर न काढता सांगितलं. "वेबसाइटवर दिसतं. काय झालं ते दिसत नाही, तारीख दिसते."

"तू बघतेस?"

"दर सोमवारी. नंबर पाठ झालाय."

सहा वर्षांतले सोमवार किती होतात याचा हिशेब अण्णांना सुचला नाही. त्यांना एवढंच कळलं की आपण बिनआवाजाचा टीव्ही बघत बसत होतो, तेव्हा हीसुद्धा इकडे काहीतरी बघत बसली होती. ते म्हणाले, "मी सांगितलं त्यांना. तूच शोधलंस म्हणून. आधीच सांगायला हवं होतं. चुकलं माझं, पवित्रा."

तिने फॉर्म पुन्हा पहिल्यापासून वाचला. चहावर साय धरली. मग तिने विचारलं, "अडलंय कुठे?"

"खळ किती सुकू द्यायची ते अर्जात नाही म्हणतात. मी सांगितलं शुभदाला, तो पवित्राच्या हाताचा गुण आहे, तो कसा लिहिणार?"

"हाताचा गुण!" पवित्रा पहिल्यांदा हसली, पण ते हसू काही धड हसू नव्हतं. "अण्णा, मी तोलत होते. आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर, तुमच्या पाठीमागे. कोरडं चामडं एकदा, खळ लावल्यावर एकदा. खळीनं जेवढं वजन वाढलं त्याच्या निम्मं उतरलं की मारायचं. ढग असोत नाहीतर ऊन. मिनिटांचा काय संबंध?"

"मग ते अर्जात..."

"आहे. नवव्या पानावर, तिसऱ्या उदाहरणात. एक्केचाळीस, पंचावन्न, अठ्ठेचाळीस. वहीतून शुभदाताईंनी उतरवून घेतलेत, ग्रॅम म्हणून लिहिलेतसुद्धा. ते कशाचे आहेत हे कुणी विचारलंच नाही मला."

अण्णांनी मान खाली घातली. सात महिने ही पोर आपल्या पाठीमागे ग्रॅमग्रॅमचा हिशेब ठेवत होती आणि आपण त्याला हाताचा गुण म्हणत आलो. नाव चोरलं ते एकदाच, पण तिची अक्कल आपण रोज चोरत होतो. हे तिला सांगावं असं त्यांना फार वाटलं, आणि त्यांच्या तोंडून निघालं ते, "पेन आहे माझ्याकडे."

पवित्राने फॉर्म मांडीवर सरळ केला आणि सही केली. मग पेन खालच्या ओळीवर थांबलं. शुभदाने तिथे चामराजपेटेचा पत्ता घातला होता.

"हा पत्ता चुकलाय," ती म्हणाली.

घरचाच आहे की, असं अण्णांच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं. तिने ती ओळ पट्टीने मारावी तशी सरळ खोडली आणि वर बारीक अक्षरांत दुसरा पत्ता लिहिला. अण्णा उलट्या बाजूने वाचत होते. घर नंबर, गल्ली, तिसरा मजला. कृष्णाबाईंना हा पत्ता ठाऊक असणार. त्यांनी स्वतः तो कधी विचारला नव्हता.

"तिसऱ्या मजल्यावर ऊन लागत असेल," ते म्हणाले.

"दुपारचं लागतं." तिने फॉर्म नीट घडी करून त्यांच्या पिशवीत ठेवला. आत घंटा वाजली. ती उठली, दोन पावलं गेली आणि वळली. "रविवारी घरी असते मी, अण्णा."

मग ती फाटकातून आत गेली.

परतीच्या बसमध्ये अण्णांना खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर धरून त्यांनी बोटांवर मोजलं. बुध, गुरू, शुक्र, शनी. सहा वर्षं त्यांनी काढली होती. हे चार दिवस कसे काढायचे, ते काही त्यांना समजेना.