इतर, तपशील लिहावा

कार्यालयात त्यांना मसुदेराव म्हणत, कारण तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्राचा मसुदा त्यांच्या हातचा. कार्यालयाचं काम एकच: पन्नाशी गाठलेल्या प्रत्येकाला आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचं आमंत्रण धाडायचं. पाकिटात पत्र, एक काडी, झाकणाची नळी आणि परतीचं पाकीट. काडीच्या टोकावर शौचाचा कणभर नमुना घ्यायचा, नळीत बुडवायचा, झाकण लावून टपालात टाकायचं. काम दोन मिनिटांचं. त्या दोन मिनिटांसाठी माणसाला राजी करण्यात मसुदेरावांची अकरा वर्षं गेली होती.

काय काय केलं नाही त्यांनी! आठवडाभर आधी ‘पाकीट येतंय’ अशी चिठ्ठी पाठवून पाहिली. थोडे लोक वाढले. पत्राखाली ज्याच्या त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांची सही घेतली. आणखी थोडे वाढले. पत्रातली रोगाची टक्केवारी काढून टाकली, तिच्यासाठी कुणी रडलं नाही. ‘विष्ठा’ खोडून ‘शौच’ घातलं, त्यावर साहेबांनी दोन बैठका घेतल्या. महिन्याने आठवणीचं पत्र, आणि त्यालाही जो बधणार नाही त्याला फोन. फोनवर काय बोलायचं तेही मसुदेरावांनीच लिहून दिलेलं, श्वास कुठे घ्यायचा इथपर्यंत.

आणि मग देवाच्या दयेने मसुदेरावांनीही पन्नाशी गाठली. पाकिटं काढणाऱ्या यंत्राला कुठलं नातंगोतं? त्याने त्यांनाही पाकीट धाडलं.

“कुणाचं पत्र?” बायकोने विचारलं.

“ऑफिसचं.”

“काय म्हणतंय?”

“मला पाठ आहे.”

“पाठ आहे ना, मग करून टाका.”

“करतो,” म्हणाले, आणि पाकीट कपाटावर इस्त्रीच्या मागे ठेवलं. महिन्याने आठवणीचं पत्र आलं, तेही तिथेच गेलं. इस्त्री थोडी पुढे सरकली.

“साऱ्या जगाला बोलावणी धाडता,” बायको म्हणाली, “आणि स्वतः मात्र रुसलेल्या जावयासारखे!”

मग एका मंगळवारी फोनची यादी निघाली. फोन करायच्या त्या ताई. त्यांचं टेबल मसुदेरावांच्या टेबलाला चिकटलेलं. एकच पंखा दोघांना पुरे. यादीत नववं नाव मसुदेरावांचं होतं. नियम असा, की यादीतल्या प्रत्येकाला फोन झालाच पाहिजे. ताई मनाच्या मऊ, पण नियमाच्या पक्क्या. त्यांनी नंबर फिरवला.

मसुदेरावांचा मोबाइल वाजला. त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या.

“नमस्कार. मी आरोग्य कार्यालयातून बोलतेय. बोलायला ही वेळ सोयीची आहे का?”

“ताई, मी कामावर आहे.”

“मीही. आपल्याला आमचं पाकीट मिळालं का?”

“मिळालं.”

“वा, छान.” हे ‘वा, छान’ही लिहून दिलेलं होतं. “नमुना पाठवायचा राहिलाय. अडचण काय आहे? वेळ मिळाला नाही, किळस वाटते, गरज वाटत नाही, की इतर?”

चारही चौकटी मसुदेरावांनी स्वतः आखलेल्या.

“इतर,” ते म्हणाले.

“इतर म्हटलं की तपशील लिहावा लागतो.”

“हा नियम कुणाचा?”

“तुमचा.”

पंखा फिरत होता. ताईंनी पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं, आणि त्यांना काही घाई नव्हती.

“आमचे दादा,” मसुदेराव फोनमध्ये म्हणाले. “माझं पहिलं पत्र त्यांना गेलं होतं. तीन पानी. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, काय लिहिलंयस रे! तुझ्या मास्तरांना दाखवायला हवं. मी आठ दिवस हवेत. दादा गेल्यावर वहिनींनी त्यांची फाइल माझ्या हातात दिली. पत्र प्लॅस्टिकच्या कव्हरात जपलेलं. मागे नळी आणि काडी, तशीच्या तशी.”

“आतड्याचाच?”

“हो. तेव्हापासून मी मसुदा सुधारतोय.”

“म्हणजे भीती वाटते,” ताई म्हणाल्या.

“ती चौकट नाही.”

“का नाही आखलीत?”

“साहेबांना मीच सांगितलं होतं, हे कारण कुणी देणार नाही.”

“अहो, रोज देतात. मी ‘इतर’मध्ये लिहिते. तुम्ही वाचत नाही?”

मसुदेराव ‘इतर’ वाचत नसत. ‘इतर’ किती झाले, तेवढं पाहत.

पुढे ‘आपल्या वेळेबद्दल आभारी आहोत’ असं वाक्य होतं. ताईंनी ते म्हटलंच नाही. “माझ्या वेळी मीही घाबरले,” त्या म्हणाल्या. “काडी पडली भांड्यात. दुसरं पाकीट मागवलं, देवाचं नाव घेतलं आणि केलं एकदाचं. उद्या सकाळी करा आणि येताना घेऊन या. मी दारात उभी राहते.” एवढं बोलून त्यांनी दहाव्या नावाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मसुदेराव नळी घेऊन आले. ताई खरोखरच दारात होत्या. त्या दुपारी मसुदेरावांनी पाचवी चौकट आखली, आणि साहेबांनी बैठक बोलावली.

निकालाची पत्रंही त्यांचीच. सगळं ठीक असलं तर एक पान, पाकीट पातळ. रक्ताचा अंश सापडला तर पुढच्या तपासणीची माहिती सोबत, पाकीट जाड. पंधरा दिवसांनी बायकोने पाकीट हातात दिलं, तेव्हा त्यांना ते उघडायची गरजच पडली नाही.

“जाड आहे,” ते म्हणाले.

“फोडा,” बायको म्हणाली आणि शेजारी येऊन बसली.

‘रक्त दिसलं म्हणजे कर्करोगच, असं नाही. मात्र दुर्बिणीची तपासणी लवकर करून घ्यावी.’ हे वाक्य त्यांनी सहा वेळा सुधारलं होतं. चांगलं उतरलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग दादा आठवले, आणि तिसऱ्यांदा न वाचता त्यांनी पत्राखालचा ताईंचा नंबर लावला.

“ताई, बोलायला ही वेळ सोयीची आहे का?”

“आहे. बोला.”

“भीती वाटते.”

“आता चौकट आहे त्याला. केली खूण. तारीख कुठली देऊ?”

“सगळ्यांत आधीची,” मसुदेराव म्हणाले.