कुंपणावरून गेलेली हाक

"चहा बर्फाचाच हवा! नळाच्या पाण्याचा असेल तर मी ढुंकूनही बघणार नाही," डॉर्कस आजींनी काठी आपटून सांगितलं.

"अहो आजी, या बर्फावर तीन महिने कुत्रं फिरलंय," व्हर्ना म्हणाली.

"मग चव येईल."

मागच्या अंगणातल्या सगळ्या बायका खो खो हसल्या. तीन चुली पेटल्या होत्या. ज्या जोडीची किटली आधी उकळेल ती जोडी जिंकणार होती, आणि लाकडं ओली निघाल्यामुळे प्रत्येकीच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं.

उंच लाकडी कुंपणापलीकडे, गोठलेल्या तळ्यावर, गावाची हिवाळी जत्रा भरली होती. आसपासच्या सगळ्या वस्त्यांमधली क्री जमातीची माणसं तिथे जमत. म्हणूनच या घरातल्या बायकांना जत्रेला जाता येत नसे. नवऱ्याच्या माराला कंटाळून, कोणी एका पिशवीनिशी, कोणी तेवढीही न घेता इथे आलेल्या. तिकडे दीर भेटायचा, नणंद भेटायची, आणि संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचायची. दर वर्षी त्या दिवशी बायका खिडक्यांचे पडदे ओढून टीव्ही बघत बसत. यंदा व्हर्नाने ठरवलं, जत्रा अंगणात आणायची.

या घरातले कार्यक्रम ठरवणं हेच व्हर्नाचं काम. एकोणीस वर्षं ती ते करत होती. सोमवारी मणीकाम, बुधवारी गावातल्या आज्यांना बोलावून शिवण, शनिवारी मासे. त्याआधी ती स्वतःच इथे राहायला आली होती, एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा घालून. ती कोणालाच 'का आलीस' विचारत नसे. "मणी ओवायला येतेस का?" एवढंच विचारायची. कधी दोघी यायच्या, कधी कोणीच नाही. मग ती एकटीच मणी ओवत बसायची, दार उघडं ठेवून.

"आता रानहंसाची हाक!" व्हर्नाने जत्रेतली पुढची स्पर्धा जाहीर केली आणि शिकारी थव्याला बोलावतात तशी, तोंडाशी हात धरून, स्वतःच पहिली हाक मारली.

"हा हंस आहे की गंजलेलं दार?" डॉर्कस आजींनी विचारलं.

हसणाऱ्यांत नोएलाही होती. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदाच हसत होती. चौतिशीची, अंगाने दणकट, पण बोलायची इतकं हळू, की मीठ मागितलं तरी दोनदा विचारावं लागे. हसता हसता ती थांबली आणि व्हर्नाजवळ आली.

"ताई, तिकडे ऐकू जातं का?"

"वारा तिकडेच आहे. का गं?"

"माझी आई आली असेल. दर वर्षी येते." नोएला हातमोजे चुरगाळत राहिली. "मी जिवंत आहे हेसुद्धा तिला माहीत नाही. तिला फोन करायचा तर तो माझ्या दिराच्या घरी. चिठ्ठी पाठवली तर तीच माणसं वाचून दाखवणार."

या घराचा नियम एकच, आणि तो व्हर्नानेच नवीन पोरींना पढवलेला: कुणाचं नाव, कुणाचा फोटो, कुणाचा आवाज कुंपणाबाहेर जाणार नाही.

"तुझा नवरा असेल तिथे?"

"त्याला कोर्टाने या भागात यायची बंदी केलीय. आणि आला तरी काय! तो आणि माझा दीर, दोघेही शहरात वाढलेत. त्यांना हंस आणि बदक सारखंच."

"मग तुझी हाक ओळखेल कोण?"

"फक्त आई. ही बाबांची हाक आहे. त्यांच्या पुढच्या दातांत फट होती, म्हणून शेवटी शीळ निघायची. मी शिकले ती शिळेसकट. बाबा गेल्यावर कोणीच मारली नाही."

व्हर्नाने चुलीत एक लाकूड सरकवलं. वरिष्ठांना फोन करावा, तर त्या नाहीच म्हणणार, आणि बरोबरच म्हणणार. पण ती हो म्हणणार होती, हे तिला स्वतःलाच आधी कळलं होतं.

"एकटीने नाही मारायची," ती म्हणाली. "बायांनो, इकडे या! एकीमागून एक, सगळ्यांनी. जमो न जमो, ओरडायचं. नोएला, तू सहावी."

पहिली हाक फाटली, दुसरी खोकल्यात गेली. तिसरीने शेजारच्या गल्लीतली सगळी कुत्री उठवली. तळ्यावर हशा पिकला. भोंग्यावरचा माणूस ओरडला, "मंडळी, यंदा थवा लवकर आला वाटतं!" पुढे कोण, कुठून, हे त्याने विचारलं नाही. गावात सगळ्यांनाच हे घर माहीत होतं, आणि सगळेच ते माहीत नसल्यासारखे वागत.

सहाव्या पाळीला नोएलाने मान मागे टाकली.

एवढ्या हळू बोलणाऱ्या बाईच्या छातीत हा आवाज होता कुठे? खोल, भरदार हाक कुंपणावरून उठून गेली, आणि शेवटी एक बारीक शीळ. डॉर्कस आजींनी टोपी कानावरून वर सरकवली. सातवीला ओरडायचं सुचलंच नाही.

तळ्यावरही सगळं थांबलं. मग तिथून उत्तर आलं. म्हातारा, चिरका, अगदी वाईट आवाज, आणि शेवटी शीळ काढायचा फसलेला प्रयत्न, नुसती हवा.

"तिला कधीच जमलं नाही!" नोएला मोठ्याने म्हणाली. ती हसत होती आणि गाल ओले झाले होते. "बाबा तिला म्हणायचे, तुझी हाक ऐकून हंस परत दक्षिणेला जातील!"

"सातवी कोण? ओरड ना गं!" व्हर्नाने घाईने ढोसलं. पुन्हा आरडाओरडा सुरू झाला, आणि तेवढ्यात मधली किटली उकळून झाकण उडालं.

"ताई," नोएला म्हणाली, "त्या फटीतून तूच बघ. मी बघितलं तर धावत सुटेन."

व्हर्नाने कुंपणाच्या फटीला डोळा लावला. गर्दीच्या कडेला निळ्या शालीतली एक ठेंगणी म्हातारी या बाजूला तोंड करून उभी होती.

"येत नाहीये ना इकडे?"

"नाही."

"येणार नाही," नोएला म्हणाली आणि पेल्यांत चहा ओतू लागली. "शहाणी आहे आई माझी."

म्हातारीने शाल डोक्यावर घेतली. तिची घडीची खुर्ची तिने स्वतःच मिटली, काखेत मारली, आणि मागे वळून न बघता वस्तीच्या बसकडे चालू लागली, बर्फावर जपून पाऊल टाकत.